मचाण पाठीवर आलं तेव्हा : ट्रीस्टँडचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला अचानक काय झालं? विषय आहे हरणाच्या शिकारीसाठी झाडावर लावायचं मचाण. अमेरिकेत त्याला ट्रीस्टँड म्हणतात. त्यातही एकट्या माणसाला पाठीवर टाकून जंगलात नेता येईल असं मचाण.

थोडी पार्श्वभूमी देतो. मी विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात ऑफिसात महत्त्वाची मीटिंग लावण्यात काही अर्थ नसतो, निम्मी टीम जंगलात असते. धनुष्यबाणाचा हंगाम तर सप्टेंबरातच सुरू झालेला असतो. यंदा माझ्या टीम लीडने मला धनुष्यबाणाच्या शिकारीला बोलावलं. या राज्यात १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय साधारणपणे परवाना मिळत नाही, त्यामुळे तो कोर्स केला. पुढचा प्रश्न आला, कुठला ट्रीस्टँड घ्यायचा?

मी इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट उघडलं. वजन, किंमत, उंची, सीट किती मऊ. चार दिवसांनी शीटमध्ये सत्तावीस ओळी होत्या आणि निर्णय शून्य. मग मी उलट दिशेने गेलो. ही वस्तू आली कुठून, आणि तिच्यात एकेक बदल का होत गेला, हे वाचायला लागलो. मंडळी, निवडीचं उत्तर तिथे सापडलं. म्हणून आजचा भाग इतिहासाचा आहे, पण शेवटी हातात काहीतरी उपयोगाचं पडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. आज बोलतोय ते अमेरिकेतल्या परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात होणाऱ्या शिकारीबद्दल. ज्यांना शिकार हा प्रकारच पटत नाही, त्यांनी हा भाग उंचीवर काम करणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून ऐकला तरी चालेल.

आधी हरीण

ज्या हरणासाठी हे सगळं चालतं ते म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं हरीण. घाबरलं की शेपटी झेंड्यासारखी वर करतं आणि पळतं. आज उत्तर अमेरिकेत ती साधारण तीन कोटी असावीत असा अंदाज आहे. पण १९०० च्या आसपास हाच आकडा तीन ते पाच लाखांवर आलेला होता. कारण काय, तर बाजार. रेल्वे आली, मांस आणि कातडी लांबच्या शहरांत विकता येऊ लागली आणि माणसांनी धंदा म्हणून हरणं मारली. जोडीला जंगलतोड होतीच.

मग कायदे आले. १९०० चा लेसी कायदा : एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं हा केंद्राच्या पातळीवर गुन्हा. राज्याराज्यांनी हंगाम ठरवले, परवाने आणले. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरच्या अबकारी कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळू लागला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर आज हा कर ११ टक्के आहे. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही या करात आले. गंमत बघा, ज्या वर्षी भारताने शिकारीला कायद्याने आळा घालून प्राणी वाचवायचं ठरवलं, त्याच वर्षी अमेरिका शिकाऱ्याच्या बाणावर कर लावून तेच करू पाहत होती. दोन देश, दोन वेगळ्या वाटा.

याच काळात मॅडिसनमध्ये एक माणूस होता, आल्डो लिओपोल्ड. १९३३ मध्ये तो विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला. त्याला धनुर्विद्येचं वेड होतं, स्वतःची धनुष्यं तो स्वतः घडवायचा. त्याची बायको एस्टेला तर राज्य पातळीवरची विजेती तिरंदाज होती. त्याच्या नियुक्तीच्या पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, विस्कॉन्सिनने हरणासाठी धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम जाहीर केला, फक्त सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींपुरता. आधुनिक काळात असा हंगाम देणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. आपल्या मचाणाच्या गोष्टीला हे वळण महत्त्वाचं आहे. का, ते आता सांगतो.

बाण आणि अंतर

रायफलची गोळी शंभर-दोनशे मीटरवर काम करते. एवढ्या लांबून हरणाला तुमचा वास लागायची शक्यता कमी. बाणाचं तसं नाही. बहुतेक तिरंदाज वीस ते तीस यार्डांच्या आत आल्याशिवाय बाण सोडत नाहीत, आणि सोडूही नये, नाहीतर जनावर जखमी होऊन तडफडत राहतं. आता वीस यार्ड म्हणजे किती? आपल्याकडच्या क्रिकेटच्या पिचपेक्षा दोन पावलं कमी. जवळजवळ दोन्ही बाजूंचं आणि मागचंही बरंच दिसेल असे डोळे, हवं तसे वळणारे कान आणि माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण नाक असलेलं जनावर तुम्हाला एका पिचच्या अंतरावर यायला हवंय. जमिनीवर बसून हे जमतं, पण फार कठीण.

उपाय जुना आहे : वर जा. वर बसलं की तुमची आकृती हरणाच्या नजरेच्या रेषेत राहत नाही. वारा बरा असेल तर तुमचा वास त्याच्या डोक्यावरून निघून जातो. तुम्हाला लांबचं दिसतं, त्यामुळे हालचाल केव्हा करायची हे ठरवता येतं. शिवाय बाण खाली, मातीच्या दिशेने जातो, मागे कोणी उभं असण्याचा धोका घटतो.

हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. 'मचाण' हा शब्द ज्या संस्कृत 'मञ्च'वरून आला, त्याच्यावरूनच आपला सभेतला मंच आला. ज्वारी राखायला शेतात उभारलेला माळा, त्यावर गोफण घेऊन उभा राहिलेला राखणदार, हे आपल्या आजोबांच्या पिढीने रोज पाहिलेलं दृश्य. इंग्रजांनी 'मचान' हा शब्द उचलला आणि तो शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांमध्ये जाऊन बसला. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मे १९२६ मध्ये मारला, तो आंब्याच्या झाडावरच्या मचाणातून. आजही बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबात किंवा मेळघाटात वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसं बसवतो. बंदुकीऐवजी हातात वही-पेन, एवढाच फरक.

पण या जुन्या मचाणाची एक गोष्ट लक्षात घ्या. ते एका जागी असायचं आणि ते अनेकांनी मिळून बांधलेलं असायचं. एखादी खाट किंवा बांबूची चौकट, दोरांनी फांद्यांच्या बेचक्यात घट्ट आवळलेली. गावातली जाणती माणसं झाड निवडायची, दुसरा कोणी चढून बघायचा, तिसरा गाठ तपासायचा. वर बसणारा बऱ्याचदा ते बांधणारा नसायचाच. म्हणजे पडू नये याची जबाबदारी वाटलेली होती. थोडी झाडावर, थोडी गावावर, थोडी दोरावर.

दोन फळ्या आणि खिळे

अमेरिकेत सुरुवातीला प्रकार असाच होता, फक्त घरगुती. शेताच्या कडेला ओकचं झाड, त्यात दोन फळ्या ठोकायच्या, चढायला खोडावर लाकडी पट्ट्या मारायच्या. स्वतःची जमीन असेल तर हे स्वस्तात होतं. पण लाकूड कुजतं. झाड वाढतं, वाऱ्यात हलतं, खिळे सैल होतात. आणि मागच्या हंगामात भक्कम वाटलेली फळी या हंगामात पहाटेच्या अंधारात पायाखाली मोडते. आजही शिकारीच्या कोर्समध्ये पहिल्या काही सूचनांत हे सांगतात, की झाडात ठोकलेल्या जुन्या फळ्यांवर चढू नका.

दुसरी अडचण जमिनीची. सगळ्यांकडे शेत नसतं. सरकारी जमिनीवर झाडाला इजा करायची परवानगी नसते. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागातल्या सरकारी जमिनींवर तर स्टँड रोज संध्याकाळी उतरवून घरी न्यावा लागतो, तो रात्रभर ठेवायची सवलत उत्तरेकडे आहे. म्हणजे 'पोर्टेबल' ही चैन नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला पाठीवरचंच मचाण लागतं.

तिसरी गोष्ट धनुष्याची. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने दोन टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्याला ते मिळालं. हेच आजचं कंपाउंड धनुष्य. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो, त्यामुळे ओढून थांबता येतं. जे कौशल्य यायला वर्षं लागायची ते एका उन्हाळ्यात येऊ लागलं. लाखो नवे तिरंदाज जंगलात उतरले. सगळ्यांना वीस यार्डांच्या आत जायचं होतं, म्हणजे सगळ्यांना वर बसायचं होतं. फॅक्टरीत बनलेल्या ट्रीस्टँडचा बाजार तिथून जोरात सुरू झाला.

सुरवंटासारखं वर सरकणारं मचाण

१९६० आणि ७० च्या दशकांत गाजलेला पहिला मोठा प्रकार म्हणजे क्लाइंबर. कोकणात नारळावर चढायचं पायात अडकवायचं यंत्र पाहिलं असेल, तर कल्पना लगेच कळेल. एक लहान पाट, त्याला खोडाभोवती जाणारी पट्टी किंवा केबल. पाट तिरपा केला की पकड सुटते, वर सरकवा. वजन टाकलं की पकड बसते. सुरुवातीच्या स्टँडमध्ये फक्त खालचा पाट असायचा. माणूस खोडाला मिठी मारून लोंबकळायचा आणि पायांनी पाट वर ओढायचा. पुढे वरचा भाग आला, ज्यावर बसता येतं. आता बसा, पाय वर ओढा, उभे राहा, सीट वर सरकवा. अगदी सुरवंटासारखं.

इथे थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. क्लाइंबर खोडाला बांधलेला नसतो, तो खोडात अडकलेला असतो. तुमचं वजन खोडापासून लांब, पाटावर पडतं. त्यामुळे पाट खाली झुकायला बघतो, त्याची आतली कड समोरून खोडात रुतते आणि मागची केबल उलट्या बाजूने आवळली जाते. म्हणजे पकड तुमच्या वजनाच्या जागेवर अवलंबून आहे. तुम्ही खोडाच्या अगदी जवळ सरकलात, की पकड सैल होते. गुळगुळीत सालीचं झाड असेल, सालीवर बर्फाचा थर असेल, किंवा शॅगबार्क हिकरीसारखी सुटी साल असेल तर अजून वाईट. आणि खालचा पाट सुटून गळून पडला, तर वरच्या भागावर अडकलेला माणूस उतरणार कसा? म्हणून दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधलेले हवेत. ही साधी दोरी कितीतरी लोकांना तासन्‌तास लटकण्यापासून वाचवते.

क्लाइंबरला सरळ, फांद्या नसलेलं, ना फार जाड ना फार बारीक असं खोड लागतं. दक्षिणेतल्या पाइनच्या जंगलांत तो झटकन लोकप्रिय झाला, कारण तिथे अशी झाडं रांगेने उभी असतात. विस्कॉन्सिनमधला ओक मात्र दहा फुटांवरच फांद्या काढून बसतो. त्याच्यासाठी हँग-ऑन आला : एका उभ्या दांड्याला जोडलेला पाट आणि सीट, जो पट्ट्याने खोडाला आवळायचा. चढायला वेगळ्या, पट्ट्यांनी बांधायच्या शिड्या, ज्यांना स्टिक्स म्हणतात. झाड वाकडं असलं तरी चालतं, पण वीस फुटांवर लोंबकळत, एका हाताने पट्टा ओढत तो लावावा लागतो. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी लॅडर स्टँड, म्हणजे शिडीसकट मचाण. वजनाने पन्नास पाउंडांच्या पुढे, उभा करायला दोन-तीन माणसं हवीत. आणि १९८० च्या दशकात आला सॅडल. तारांवर काम करणारे लाइनमन आणि झाडं छाटणारे लोक जसे कंबरेच्या झोळीत बसतात, तसं झोळीत बसून खोडाला टेकायचं. पाट नाहीच, असलाच तर पाय टेकवण्यापुरता. बरीच वर्षं तो थोड्याच लोकांपुरता राहिला आणि गेल्या दशकात एकदम चालायला लागला.

आता या सगळ्या ओळी एकाखाली एक ठेवून बघा. गावाने बांधलेलं मचाण, स्वतः ठोकलेल्या फळ्या, शंभर पाउंडांची शिडी, वीस पाउंडांचा क्लाइंबर, दहा-पंधरा पाउंडांचा हँग-ऑन, पिशवीत मावणारा सॅडल. प्रत्येक पायरीला वजन कमी झालं. पण दर वेळी एक काम वाढलं : बांधणं, तपासणं आणि सोडणं. आणि हे काम रोज, अंधारात, थंडीत, एकट्याने करायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो, पूर्वी सर्व्हर एकदा बसवला की वर्षानुवर्षं चालायचा. आता तुम्ही रोज पहाटे प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताय, टेस्टिंग टीम नाही, आणि रोलबॅक म्हणजे जमीन.

कमरेचा पट्टा ते पूर्ण हार्नेस

वीस फुटांवरून पडलात तर साधारण एक सेकंदात जमिनीवर पोचता, ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने. हे मी कागदावर काढलं आणि थोडा वेळ शांत बसलो.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात जॉर्जिया राज्यातल्या दहा वर्षांच्या नोंदी आल्या. हरणाच्या शिकारीत नोंदवलेल्या जखमांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जखमा ट्रीस्टँडशी संबंधित होत्या. तोपर्यंत शिकारीतला धोका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चुकून सुटलेली गोळी यायची. इथे दिसत होतं की मोठा धोका गुरुत्वाकर्षणाचा आहे.

शिकारी काहीच बांधत नव्हते असंही नाही. अनेक जण कमरेला पट्टा बांधायचे. प्रश्न असा होता की पट्ट्याने माणूस जमिनीवर आपटत नाही, पण पुढे काय? त्याच सुमारास, १९८७ मध्ये, अमेरिकन हवाई दलाच्या राइट-पॅटरसन तळावरच्या प्रयोगशाळेने स्वयंसेवकांना वेगवेगळ्या पट्ट्यांवर, हालचाल न करता लटकवून पाहिलं. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर लोक सरासरी दोन मिनिटंही टिकले नाहीत. छातीच्या पट्ट्यावर सहा मिनिटांच्या आसपास. मांड्या आणि खांदे धरणाऱ्या पूर्ण हार्नेसवर साधारण चौदा मिनिटं. डॉक्टर शेजारी उभे असताना, उजेडात, उबदार खोलीत.

पूर्ण हार्नेसवरही चौदाच मिनिटं का? कारण माणूस निश्चल लटकला की मांड्यांवरचे पट्टे शिरांना दाबतात, रक्त पायांत साठतं, हृदयाकडे आणि मेंदूकडे कमी पोचतं. म्हणून आज हार्नेससोबत एक छोटा फास असलेला पट्टा येतो. लटकलात तर त्यात पाय घालून उभं राहायचं, पाय हलवत राहायचं, आणि जमेल तेवढ्या लवकर परत झाडाला धरायचं.

बांधकामाच्या क्षेत्राने हा धडा आधी घेतला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १ जानेवारी १९९८ पासून, पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला बंदी घातली. शिकारीच्या बाजारात ट्रीस्टँड उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःची मानकं केली. आज त्या मानकांप्रमाणे बनलेल्या स्टँडच्या खोक्यात पूर्ण हार्नेस मिळतो. पण इमारतीवर मुकादम असतो, तपासणी असते, दंड असतो. ओकच्या झाडावर पहाटे पाच वाजता तुमच्याशिवाय कोणी नसतं.

आणि एक भोक राहिलंच होतं. लोक वर पोचल्यावर हार्नेस अडकवायचे. पण माणूस पडतो तो बऱ्याचदा चढताना, उतरताना, किंवा शिडीवरून पाटावर पाय टाकताना. त्याचं उत्तर गिर्यारोहकांकडून आलं. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये एक गाठ प्रसिद्ध केली. जाड दोराभोवती बारीक दोरीचे वेढे. हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला तर घट्ट आवळते. आजची लाइफलाइन म्हणजे हेच. स्टँडच्या वरून जमिनीपर्यंत सोडलेला दोर, त्यावर प्रुसिकची गाठ, गाठीला तुमचा हार्नेस. पहिला पाय जमिनीवरून उचलायच्या आधी अडकवायचं, शेवटचा पाय जमिनीला लागल्यावर सोडायचं. सह्याद्रीत ज्यांनी कडे चढलेत, त्यांना हे नवीन नाही.

माझे टीम लीड पन्नाशीचे आहेत आणि डाव्या पायाने किंचित लंगडतात. १९९० च्या दशकात ते हँग-ऑनवर पाय टाकताना चौदा फुटांवरून पडले होते. हार्नेस अंगात होता. हूक खिशात होता. मला हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

मग निवडायचं काय?

आता माझ्या शीटकडे येतो. मी ते पुसलं आणि क्रम उलटा केला. इतिहासात आधी पाट आला आणि दोर शेवटी. विकत घेताना आधी दोर घ्या आणि पाट शेवटी.

पहिलं, हार्नेस आणि लाइफलाइन. बजेट दोनशे डॉलरचं असेल तर यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरले त्यात स्टँड बघा. हार्नेस जाड जॅकेटवर घालून, दुकानात किंवा घरी, जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकून बघा. मांडीचे पट्टे कुठे रुततात, फासात पाय जातो का, हे तिथे कळलं पाहिजे. वर बसल्यावर दोरी झाडाला डोक्याच्या वर बांधा, बसल्यावर ती जेमतेम सैल राहिली पाहिजे. लांब दोरी म्हणजे लांब पडणं. एकदा झटका बसलेला हार्नेस पुन्हा वापरायचा नाही, आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली की बदलायचा.

दुसरं, झाड. तुम्ही जिथे जाणार तिथे कुठली झाडं आहेत ते आधी जाऊन बघा. सरळ, फांद्या नसलेली खोडं असतील तर क्लाइंबर. वाकडी, फांद्यांची असतील तर हँग-ऑन किंवा सॅडल. झाड जिवंत आणि निरोगी हवं. मेलेलं झाड, मग ते कितीही सोयीच्या जागी असो, नको.

तिसरं, जमीन. ओळखीच्या माणसाचं शेत असेल आणि स्टँड महिनोन्‌महिने राहू शकत असेल, तर नवख्यासाठी लॅडर स्टँड सगळ्यात बरा. तो उभा करायला माणसं लागतात हा त्याचा दोष समजतात, मला तो गुण वाटतो. चार हात, चार डोळे, जुन्या मचाणासारखं. सरकारी जमीन असेल तर तिथला रात्री स्टँड ठेवण्याचा नियम आधी वाचा, म्हणजे रोज किती वजन न्यायचं ते कळेल.

चौथं, तुम्ही. बहुतेक स्टँडवर तीनशे पाउंड, म्हणजे १३६ किलोची मर्यादा लिहिलेली असते. त्यात तुमचे कपडे, बूट, बॅग, धनुष्य सगळं धरायचं. हँग-ऑनवर तुम्ही पुढच्या कडेला उभे राहिलात की वरच्या पट्ट्यावर जवळजवळ तुमच्या वजनाइतकी आडवी ओढ येते. म्हणून पट्टे महत्त्वाचे. वर्षभर उन्हापावसात राहिलेला पट्टा वरून धडधाकट दिसतो आणि आतून गेलेला असतो. जुना स्टँड घेतलात तर पट्टे नवे घ्या. आणि धनुष्य कधीही हातात घेऊन चढू नका. ते जमिनीवर ठेवा, वर जाऊन, स्वतःला बांधून, मग दोरीने ओढून घ्या. कुठल्या झाडावर जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरी कोणालातरी सांगून जा.

सॅडलबद्दल एक वाक्य. झाडावर बसायच्या सगळ्या प्रकारांत हा एकच असा आहे की ज्यात दोर ही जोडवस्तू नाही, दोर हेच मचाण आहे. कल्पना म्हणून मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पण चढताना दोरी सैल राहिली तर सॅडलवालाही पडतोच, आणि त्याच्या गाठी हाताला सवयीच्या व्हायला वेळ लागतो. पहिल्या वर्षासाठी मी तो घेणार नाही.

माझा निर्णय असा झाला. तीस फुटांची लाइफलाइन, पूर्ण हार्नेस, हलका हँग-ऑन आणि चार स्टिक्स. ऑगस्टमध्ये टीम लीडच्या शेतावर, दिवसाउजेडी, आधी चार फुटांवर, मग आठ फुटांवर, लावून आणि काढून सराव. मनात न मोजता हात आपोआप हुकाकडे जाईपर्यंत. त्यांची अट एकच आहे : पहिल्या हंगामात पंधरा फुटांच्या वर जायचं नाही. हरणाला पंधरा आणि वीस फुटांतला फरक फारसा कळत नाही, जमिनीला मात्र कळतो, असं ते म्हणतात.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत आणि ज्यांना असं आमंत्रण येतं, त्यांनी हा भाग जाण्याआधी एकदा वाचावा, आणि सोबत येणाऱ्यालाही पाठवावा. अनुभवी माणसाला हार्नेसबद्दल विचारायला संकोच वाटतो, 'याला काय कळतं' असं तो म्हणेल असं वाटतं. विचारा. आणि तुमच्यातले सह्याद्रीत दोरावर उतरणारे कोणी असतील, तर प्रुसिकची गाठ तुम्ही कशी शिकवता ते मला नक्की लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.

तोपर्यंत सांभाळून राहा, बांधून राहा. भेटूया पुढच्या भागात.